नोटेवर छापलेले नाणे

लग्नसराई जवळ आली की सुरत-कामरेज पट्ट्यात एक रुपयाच्या कोऱ्या नोटांना भाव चढतो. शंभर नोटांची गड्डी शंभर रुपयांत कुणी देत नाही. दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोजावे लागतात. गुजराती घरात चांदला द्यायचा असो, की धुळे-नंदुरबार-जळगावकडून येऊन इथे पिढ्या काढलेल्या खानदेशी घरात आहेर करायचा असो, आकडा एकावन्न, एकशे एक, पाचशे एक असाच लागतो. वरचा तो एक रुपया पाकिटात नाणे होऊन खुळखुळण्यापेक्षा करकरीत नोट होऊन बसलेला लोकांना बरा वाटतो. नवरदेवाच्या गळ्यातला नोटांचा हार तर या गुलाबी-हिरव्या कागदांवाचून अडतोच.

एवढ्या हौसेने विकत घेतलेली ही नोट न्याहाळून पाहणारे मात्र थोडे. तिच्यावर गांधीजी नाहीत. ‘भारतीय रिझर्व्ह बँक’ हे नाव नाही. माथ्यावर ‘भारत सरकार’ असे आहे. धारकाला रुपये अदा करण्याचे वचन, जे दहाच्या नोटेपासून पुढे सगळीकडे असते, ते इथे नाही. सही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची नसून केंद्राच्या वित्त सचिवांची. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे नोटेवर एका रुपयाच्या नाण्याचे चित्र आहे. पुढच्या बाजूला आहे, मागच्या बाजूलाही आहे. शंभराच्या नोटेवर राणीची वाव आहे, विसाच्या नोटेवर वेरूळचे लेणे आहे. त्या चित्रांच्या जागी दुसरी चित्रे आली असती तरी नोटेचे काही बिघडले नसते. एक रुपयाच्या नोटेवरच्या नाण्याचे तसे नाही. ते शोभेसाठी काढलेले नाही. तो नोटेने केलेला दावा आहे, आणि त्या दाव्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

तो सांगायला कामरेजसारखे ठिकाण बरे, कारण पैशावरच्या चित्राने माणसाला भरवसा कसा द्यावा हा प्रश्न तापीच्या या काठाला फार जुना आहे. २००३ साली इथे झालेल्या उत्खननात प्राचीन व्यापारी वस्तीचे अवशेष मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत बॅरिगाझाच्या, म्हणजे भरूचच्या, आखाताशी ‘कम्मोनी’ नावाचे गाव येते. ते हेच कामरेज असे उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांनी मांडले. त्याच मार्गदर्शिकेत एक नोंद आहे. भरूचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांचे जुने द्रम्म अजून चालतात, त्यांवर ग्रीक अक्षरे आहेत, असे तिचा अज्ञात लेखक सांगतो. ते राजे मरून तेव्हा शे-दोनशे वर्षे उलटली होती. अक्षरे वाचता येणारा गिऱ्हाईक बाजारात विरळाच असणार. तरी नाणे चालत होते, कारण ते चांदीचे होते. चांदी तोलून बघता येते, कसाला लावता येते, वितळवता येते. वरचे चित्र म्हणजे आतल्या मालाची खूण, एवढेच.

हा व्यवहार पुढे सुरतेच्या मोगल टांकसाळीच्या काळात चालू राहिला आणि गायकवाडीतही. सुरत शहर इंग्रजांचे, पण शहराबाहेर थोडेसे चालले की कामरेज महाल बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात. म्हणजे दोन-तीन कोसांत सरकार बदले आणि रुपयाही बदले. बडोद्याचा बाबाशाही रुपया निराळा, कंपनीचा आणि पुढे राणीचा कलदार रुपया निराळा, आणि दोघांच्या मधे वटाव घेणारा सराफ. बाबाशाही नाण्यांवर गायकवाडांच्या नावांची देवनागरी आद्याक्षरे असत: आनंदरावांसाठी ‘आ गा’, खंडेरावांसाठी ‘खं गा’. सोबत तलवार, घोड्याचा खूर अशा खुणा. सयाजीराव महाराजांच्या काळात यंत्रावर पाडलेला सुबक रुपया आला. त्यावर पगडीधारी महाराजांची छबी, देवनागरीत नाव आणि मागे ‘एक रुपया’. गुजरातच्या भूमीवर मराठी राजाचे देवनागरी नाव मिरवणारे हे नाणे देखणे होते, पण फार दिवस टिकले नाही. १९०१ च्या सुमारास बडोदे संस्थानने स्वतःचे चलन बंद करून ब्रिटिश रुपया स्वीकारला, आणि कामरेजच्या शेतकऱ्याच्या हाती सुरतेचाच रुपया आला.

तो रुपया कसा होता? १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा. बारा भागांत अकरा भाग चांदी. दगडावर आपटला की खणखणणारा. शेतसारा, कापसाचे पैसे, लग्नातला हुंडा, सगळे याच्यात. कागदी नोटा १८६१ च्या कायद्याने सरकारने सुरू केल्या होत्या, पण त्या शहरातल्या पेढ्यांच्या. दहा, वीस, शंभर, हजाराच्या. पाच रुपयांची नोटसुद्धा १८७१ साली आली. गावातल्या माणसाची नोटेशी गाठ पडण्याचे कारण नव्हते.

ती गाठ पाडली पहिल्या महायुद्धाने. दोस्तराष्ट्रांना हिंदुस्थानातून गहू, ताग, कातडी, कापूस हवा होता; त्याची किंमत इथल्या शेतकऱ्याला रुपयांत द्यायची, म्हणजे रुपये पाडायचे, म्हणजे चांदी हवी. इकडे जगात चांदी कमी पडली आणि तिचा भाव चढत गेला. रुपयाचा विनिमय दर होता १६ पेन्स. लंडनच्या बाजारात चांदी औंसाला ४३ पेन्सवर पोचली की रुपयातली चांदी खुद्द रुपयाएवढ्या किमतीची होते, असा हिशेब होता. १९१७ च्या ऑगस्टात भाव तिथे जाऊन भिडला. आता रुपया खर्च करणारा वेडा आणि वितळवणारा शहाणा. ज्या गुणामुळे नाण्यावर भरवसा होता, तोच गुण सरकारच्या मुळावर आला.

उपाय म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची पहिली नोट निघाली. पाठोपाठ १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची, म्हणजे ‘दोन रुपये आठ आणे’ किमतीची नोट आली. तिच्यासारखी अपूर्णांकातली नोट नंतर पुन्हा कधी निघाली नाही, म्हणून संग्राहक आज तिच्यामागे धावतात.

एक रुपयाच्या नोटेचा आराखडा ज्याने कुणी केला, त्याला आपले गिऱ्हाईक पक्के ठाऊक होते. नोटेवर इंग्रजीत सरकारचे नाव होते, मागणी करताच एक रुपया देण्याचे वचन होते, वित्त खात्याच्या सचिवाची, आधी गब्बे यांची, सही होती. पण यातले काहीच वाचता न येणाऱ्या माणसासाठी वरच्या कोपऱ्यात पंचम जॉर्जचा रुपया जसाच्या तसा चितारला होता. मुकुट घातलेला राजा, त्याचा झगा, भोवतीची अक्षरे. उलट्या बाजूला त्याच नाण्याची उलटी बाजू: मधे किंमत आणि साल, भोवती फुलांची वेल. माणूस खिशातला रुपया काढून नोटेशेजारी ठेवू शकत होता, दोन्ही बाजूंनी पडताळून पाहू शकत होता. त्याखेरीज आठ देशी भाषांत किंमत लिहिलेली होती. गुजराती त्यांपैकी एक. पण वाचणाऱ्याआधी पाहणाऱ्याची सोय केली होती हे खरे. चांदी देता येत नाही तर निदान चांदीचे चित्र द्यावे, असा तो मामला.

या चित्रातला राजा छापण्याआधी एका भानगडीतून सुटून आलेला होता, तीही सांगण्यासारखी आहे. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला तेव्हा राजाच्या झग्यावर, गळ्यातल्या मानचिन्हाच्या साखळीत, एक इवलासा हत्ती होता. सोंड आखूड, पाय बुटके. लोकांनी निरखून पाहिले आणि बोभाटा झाला की राजाच्या अंगावर डुक्कर आहे. मुसलमानांना ते सहन होण्यासारखे नव्हतेच, हिंदूंनाही रुचले नाही. ९४ लाख नाणी पाडून झाली होती, त्यांतली सुमारे ७ लाख बाहेर गेली होती. उरलेली वितळवली आणि १९१२ च्या नाण्यावर हत्ती नीट, लांब सोंडेचा काढला. आज नाणी जमवणारे १९११ च्या त्या नाण्याला ‘डुक्कर रुपया’ म्हणूनच ओळखतात. नखाएवढ्या जागेतल्या हत्तीची सोंड लोक भिंग न लावता पाहतात, हा धडा टांकसाळीने खर्च करून घेतला होता. पाच वर्षांनी नोटेवर नाणे छापताना तो उपयोगी पडला असणार.

नोटा येत त्याही गंमतीच्या रूपात. पंचवीस नोटांचे एक पुस्तक बांधलेले असे, आणि चेकबुकातून चेक फाडावा तशी डाव्या कडेच्या छिद्रांवरून नोट फाडायची. म्हणून त्या काळच्या नोटांची डावी कड पुष्कळदा दातेरी दिसते. पंचविसांचे अख्खे पुस्तक शाबूत मिळाले तर संग्राहकाला घबाड मिळाल्यासारखे होते.

तेवढे करूनही लोक लगेच भुलले नाहीत. नोटेवरचे वचन साधे होते: ही आणा, रुपया न्या. लोक खरोखरच नोटा घेऊन चलन कचेऱ्यांच्या दारात उभे राहिले, आणि १९१८ च्या वसंतात मुंबईच्या कचेरीत चांदी संपते की काय अशी वेळ आली. खेड्यापाड्यांत नोट वटाव कापून घेतली जाऊ लागली. रुपयाच्या चित्राला रुपया मिळेना. शेवटी अमेरिका मदतीला आली. एप्रिल १९१८ मध्ये तिथे पिटमन कायदा झाला आणि त्याखाली अमेरिकी खजिन्यातले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवण्यात आले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी होती. २० कोटी औंसांचा सौदा. कामरेजच्या शेतकऱ्याच्या कापसाचे पैसे चुकते व्हावेत म्हणून अमेरिकेच्या तिजोरीतली स्वातंत्र्यदेवी भट्टीत गेली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

संकट ओसरले, चांदी स्वस्त झाली, आणि १ जानेवारी १९२६ पासून एक रुपयाची नोट काढणे थांबले. कारण अगदी व्यापारी: छापण्याचा खर्च परवडेना. नोट हातोहात फिरून लवकर फाटते, नाणे दहा-वीस वर्षे टिकते. हे कारण लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

याच सुमारास नोटा छापण्याचे काम विलायतेतून नाशिकला आले. नाशिकरोडला आधी सिक्युरिटी प्रेस, मग १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस उभी राहिली, आणि १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या सगळ्या नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या. तिथल्याच कोठारात एक रुपयाच्या नोटेची नवी आवृत्ती १९३५ साल घालून तयार झाली आणि पडून राहिली. जे. डब्ल्यू. केली यांची सही, पंचम जॉर्जचेच नाणे, जलचिन्हातही तोच राजा.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडला तशी १९४० च्या उन्हाळ्यात इथे लोकांनी पुन्हा चांदीचे रुपये दाबून ठेवायला सुरुवात केली. सरकारने कोठारातल्या नोटा बाहेर काढल्या; २४ जुलै १९४० ला त्या बाजारात आल्या. पंचम जॉर्ज १९३६ सालीच वारला होता. त्याचा मुलगा आठवा एडवर्ड गादीवर येऊन पायउतारही झाला होता, दुसरा मुलगा सहावा जॉर्ज राज्य करत होता, आणि नव्या नोटेवर मेलेला बाप. शिवाय नोटेवरच्या चित्रात नाण्याचे साल १९३५. त्या सालचा चांदीचा रुपया चलनात नव्हताच. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या नाण्याचे, हयात नसलेल्या राजासह काढलेले हे चित्र. तरी नोट चालली. भरूचच्या बाजारातल्या अपोलोडोटसच्या द्रम्मांप्रमाणेच राजा कोण आहे याची चौकशी कुणी केली नाही. फरक एवढाच की आता आत चांदीही नव्हती.

ही नोट मला सगळ्या मालिकेत महत्त्वाची वाटते ती या विनोदासाठी नाही, तिच्यावरून गायब झालेल्या एका वाक्यासाठी. १९१७ च्या नोटेवरचे ‘मागताच एक रुपया देईन’ हे वचन १९४० च्या नोटेवर नाही. कारण १९४० च्या चलन वटहुकमाने या नोटेला थेट रुपयाच्या नाण्याचाच दर्जा दिला. आधी नोट म्हणत होती, मला द्या आणि नाणे घ्या. आता ती म्हणू लागली, मीच नाणे. मग वचन कशाचे द्यायचे? नाण्यावर कधी वचन लिहिलेले असते का? चित्र जे तेवीस वर्षे सांगत होते ते कायद्याने खरे करून टाकले. चित्रकाराच्या मागून कायदा लिहिणारा गेला, असे उदाहरण चलनाच्या इतिहासात फारसे सापडत नाही.

यातूनच सहीचाही उलगडा होतो. नाणी पाडण्याचा हक्क सरकारचा, नोटा काढण्याचा रिझर्व्ह बँकेचा. एक रुपयाची नोट नाण्याच्या खात्यात गेल्यामुळे ती सरकारचीच राहिली आणि तिच्यावर सरकारच्या वित्त सचिवाची सही राहिली. त्यामुळे काही मजेशीर योग जुळून आले. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. सहाव्या जॉर्जच्या मोठ्या नोटांवर त्यांची सही आहे, पण त्याच काळातल्या एक रुपयाच्या नोटेवर सही सी. ई. जोन्स यांची. के. जी. अंबेगावकरांचे उलटे. ते १९५७ साली जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्यांची सही पाहायची तर १९५१ च्या आसपासची एक रुपयाची नोट शोधावी लागते, कारण त्या वेळी ते वित्त सचिव होते. इंद्रप्रसाद पटेल आणि मनमोहन सिंग यांना दोन्ही मान मिळाले: आधी सचिव म्हणून एक रुपयावर, मग गव्हर्नर म्हणून बाकीच्या नोटांवर.

स्वातंत्र्यानंतर राजाला निरोप द्यायची वेळ आली तेव्हा पहिला मान याच नोटेला मिळाला. १९४९ मध्ये निघालेली एक रुपयाची नोट ही स्वतंत्र भारताची पहिली नव्या आराखड्याची नोट, सही के. आर. के. मेनन यांची. राजाच्या जागी गांधीजींची छबी घालावी असा आधी विचार होता, तसे आराखडेही झाले होते. शेवटी मत सारनाथच्या सिंहशीर्षाकडे झुकले. निर्णय बरोबर होता असे माझे मत. राजाचे तोंड काढून तिथे दुसऱ्याचे तोंड बसवले की जागा राजाचीच राहते. सिंहांनी ती जागाच बदलली. बाकी आराखडा मात्र जवळजवळ जुनाच राहिला, कारण लोकांच्या डोळ्यांना सवय झालेली नोट एकदम अनोळखी करून चालत नाही.

गांधीजी एक रुपयाच्या नोटेवर आले ते वीस वर्षांनी, आणि तेही नाण्यातून. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटांवर बसलेले गांधीजी आणि मागे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाची कुटी असे चित्र छापले गेले. एक रुपयाच्या नोटेवर काय करायचे? तिथे चित्राची जागा नाण्याने अडवलेली. मग शताब्दीचे जे नाणे निघाले होते, गांधीजींची छबी असलेले, त्याचेच चित्र नोटेवर छापले. नोट आपल्या शिस्तीपासून ढळली नाही.

१९८० नंतर मात्र नाण्याला शेजारी मिळाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने आणि सरकारने नोटांवर नव्या भारताची चित्रे आणली: दोनच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह, पाचवर ट्रॅक्टर, विसावर कोणार्कचे चाक, आणि एक रुपयावर ‘सागर सम्राट’. समुद्रात पाय रोवून उभा राहणारा हा तेलविहिरी खोदणारा फलाट जपानमध्ये बांधलेला. १९७३ मध्ये तो इथे आला आणि १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर भर समुद्रात त्याने तेल काढून दाखवले. तेच बॉम्बे हाय. कामरेजकरांसाठी हे चित्र परके नाही. तापी जिथे समुद्राला मिळते त्या हजिऱ्याला पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रातला वायू नळांनी येतो, आणि हजिऱ्यापासून विजयपूर-जगदीशपूरकडे जाणारी वायुवाहिनी याच जिल्ह्यातून सुरू होते. उद्योगाच्या चित्रांची ती फॅशन नंतर गेली. आर्यभट्टही नोटेवरून गेला. सागर सम्राट टिकला, कारण त्याला हटवायला कुणी फिरकलेच नाही. एक रुपयाच्या नोटेकडे पुढच्या काळात सरकारचेही लक्ष राहिले नव्हते.

१९९४ च्या नोव्हेंबरात ही नोट छापणे थांबले. पुढच्या वर्षी दोन आणि पाचच्या नोटाही थांबल्या. कारण तेच, १९२६ चे: खर्च परवडत नाही. वीस वर्षे ती फक्त जुन्या गड्ड्यांत आणि लग्नाच्या पाकिटांत जिवंत राहिली. मग ६ मार्च २०१५ रोजी राजस्थानात नाथद्वाराला श्रीनाथजींच्या मंदिरात वित्त सचिव राजीव महर्षी यांनी नव्या नोटेचे प्रकाशन केले. सुरतेचा वैष्णव व्यापारी जिथे दर्शनाला जातो तिथेच त्याच्या चांदल्याची नोट पुन्हा जन्माला आली. पाठोपाठ २०१७ आणि २०२० सालच्या नोटा निघाल्या. २०१५ च्या नोटेचा छपाईखर्च माहिती अधिकारात विचारला गेला तेव्हा उत्तर आले: एका नोटेला १ रुपया १४ पैसे. ज्या कारणाने दोनदा बंद झाली त्याच कारणाकडे काणाडोळा करून ती तिसऱ्यांदा सुरू झाली. सरकारी हिशेबात हे बसत नाही. लग्नसराईच्या हिशेबात नीट बसते.

आता हातातल्या नोटेकडे पुन्हा पाहू. रुंदी ९.७ सेंटिमीटर, उंची ६.३. कागद कापसाच्या चिंध्यांचा. उजेडात धरली की जलचिन्हात सिंहस्तंभ दिसतो, पण खाली ‘सत्यमेव जयते’ नाही. मधे लपलेला ‘1’ चा आकडा आणि उजवीकडे उभा ‘भारत’. क्रमांकातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, पहिली तीन अक्षरे मात्र सारख्या उंचीची. मागे पंधरा भाषांत किंमत. त्यात गुजराती आहे, मराठी आहे, कोकणीही आहे. पुढच्या नाण्यावर रुपयाचे नवे चिन्ह आणि ‘सत्यमेव जयते’, मागच्या नाण्याभोवती सागर सम्राट. पंचम जॉर्जच्या नाण्याची जागा, उलट-सुलट दोन्ही बाजू दाखवण्याची रीत, सचिवाची सही, सगळे १९१७ चेच वळण.

आणि कायदा? २०११ च्या नाणे कायद्यात नाण्याची जी व्याख्या आहे तिच्यात धातूचे किंवा ‘अन्य कोणत्याही पदार्थाचे’ बनलेले नाणे येते, आणि भारत सरकारची एक रुपयाची नोट तिथे नाव घेऊन घातलेली आहे. क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, पोस्टल ऑर्डर हे मात्र नाणे नव्हे असे स्पष्टीकरण पुढे दिले आहे. म्हणजे आपण जिला नोट म्हणतो ती भारतीय कायद्याच्या लेखी कागदाचे नाणे आहे. त्यावरचे नाण्याचे चित्र ही तिची स्वतःची छबी आहे. भारताच्या सगळ्या नोटांवरच्या चित्रांत इतके खरे बोलणारे दुसरे चित्र मला दिसत नाही.

एक सूचना मात्र करायला हवी, कारण या भागातल्या मोबाइलांवर त्या जाहिराती सारख्या फिरतात: जुनी एक रुपयाची नोट, क्रमांकात ७८६, लाखो रुपये मिळवा. नोटेचा फोटो पाठवला की आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’, मग ‘कमिशन’ मागितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. बँक अशा व्यवहारात नसते आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. आजीच्या पेटीत केलीची किंवा अंबेगावकरांची सही असलेली नोट सापडली, तर ती दुमडू नका, तिच्यावर शाईने काही लिहू नका, चिकटपट्टी लावू नका. विकायचीच असेल तर नाणी-नोटांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला प्रत्यक्ष दाखवा, आणि भाव ऐकण्याआधी एक पैसाही कुणाला पाठवू नका.